दोन गाढवं आणि एकसष्ट मुलं

आमच्या चोन-बुलाक गावात गाढवं दोनच. एक ओमुरकुल म्हाताऱ्याचं, राखाडी. ते मालकापेक्षा शहाणं आहे आणि मालकालाही ते मान्य आहे. दुसरं गिरणीवाल्यांचं, एका डोळ्याने आंधळं आणि इतकं आळशी, की त्याच्यावरून पडायचं तर आधी बसल्या जागी झोप लागायला हवी. पण शाळेच्या दवाखान्यातलं रजिस्टर उघडलंत, तर गेल्या तीन वर्षांत या दोन जनावरांनी आमची एकसष्ट मुलं पाडली. कुणाच्या पाठीवर वळ, कुणाचा कान सुजलेला, कुणाचं बोट मोडलेलं. कारणाच्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच: गाढवावरून पडला, गाढवावरून पडली.

रजिस्टर माझं. अक्षरही माझंच, आणि ते चांगलं वळणदार आहे. मी बुरुल, शाळेची नर्स. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. सगळं गाव मला बुरुल एजे म्हणतं, म्हणजे थोरली बहीण. या थोरल्या बहिणीने नऊ वर्षं काय दिवे लावले ते सांगते.

जिल्ह्याच्या इस्पितळातून मी इथे आले, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात एका मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ पाहिले आणि रकान्यात सरळ लिहिलं: वडील, पट्टा. तासाभरात उपमुख्याध्यापिका असिलकान धावत आली. असिलकान चालताना मी कधीच पाहिलेली नाही, ती कायम धावतेच.

"बुरुल, हे काय लिहून ठेवलंस? उद्या जिल्ह्याचे साहेब रजिस्टर उघडतील, मग पोलीस येतील, मग आपली शाळा यादीत कुठे जाईल? जरा बरं काहीतरी लिही!"

मी बरं काहीतरी लिहिलं: घोड्यावरून पडला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा बाप दारात हजर, रागाने लालबुंद. "माझा मुलगा घोड्यावरून पडला? आमच्या सात पिढ्यांत कुणी घोड्यावरून पडलेलं नाही! मी गावात तोंड कसं दाखवू?" पट्ट्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. पट्ट्याची त्याला लाज नव्हती, घोड्याची होती. मी त्याच्यासमोरच 'घोडा' खोडून 'गाढव' केलं. गाढवावरून काय, कुणीही पडतं. त्याचा जीव भांड्यात पडला. जाताना मला वाळवलेल्या आंबट दह्याच्या गोळ्यांची एक पिशवीही देऊन गेला, आणि मी ती घेतली.

तेव्हापासून गाढव आमच्या शाळेत नोकरीला लागलं ते लागलंच. बापाने मारलं, गाढव. काकाने मारलं, गाढव. गणिताच्या बाईंनी पट्टी तुटेपर्यंत हात शेकले, गाढव. आणि कुस्तीच्या तालमीत वस्तादाने मारलं, तरीही गाढव.

हा वस्ताद म्हणजे माझा दीर, बायबोलोत. माझा नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या घराचं छप्पर तोच दुरुस्त करतो, हिवाळ्याचा कोळसा तोच आणून टाकतो. गावातली सगळी मुलं त्याला बायबोलोत बाइके म्हणतात, थोरला भाऊ. आमचं कुटुंबच असं थोरल्या भावंडांचं. शाळेच्या दारात शिरल्या शिरल्या त्याचा फोटो आहे, चार पदकं गळ्यात घातलेला. पदकं मुलांनी जिंकलेली, गळा त्याचा.

या मार्चमध्ये राजधानीतून, बीश्केकहून, सेयील नावाची मुलगी आली. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. वय तिशीच्या आत, डोक्यावर पुरुषाची लोकरी टोपी, आणि बुटाच्या नाड्या कायम सुटलेल्या. ती संशोधन करत होती. मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसांना, म्हणजे शिक्षक, नर्स, वस्ताद अशांना, मुलांना बसणारा मार दिसतो का, दिसला तर ती काय करतात, आणि हा मार थांबवायला त्यांना काय शिकवायला हवं, असा तिचा विषय. तिने त्रेचाळीस प्रश्नपत्रिका आणल्या होत्या. नाव लिहायचं नाही, मनात आहे ते लिहायचं, आणि बंद पाकिटात घालून द्यायचं.

मनात आहे ते लिहायचं म्हटल्यावर असिलकानच्या तोंडचं पाणीच पळालं. मंगळवारी तिने सगळ्यांना एका वर्गात बसवलं, सेयीलला मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आणि जॅमच्या बशीपाशी अडकवून ठेवलं, आणि खडू हातात घेतला.

"निनावी म्हणजे नाव लिहायचं नाही," ती म्हणाली. "मनाला येईल ते खरडायचं, असं कुठेही म्हटलेलं नाही. मी फळ्यावर लिहिते, तुम्ही उतरवा."

"प्रश्न तरी वाचू द्या," भूगोलाचे मास्तर म्हणाले.

"वाचून काय करणार? उत्तर बदलणार आहे का?"

मग तिने फळ्यावर उत्तरं लिहिली आणि आम्ही त्रेचाळीस जणांनी माना खाली घालून ती उतरवली. मुलांना परीक्षेत नक्कल केली म्हणून उभं करणारी आम्ही माणसं. गेल्या वर्षात एखाद्या मुलाला कुणी मारल्याची शंका आली का? नाही. तुमच्या सहकाऱ्याने मुलावर हात उगारलेला पाहिला का? नाही. मूल काही सांगू लागलं तर काय कराल? शांतपणे ऐकून घेईन आणि योग्य त्या कार्यालयाला कळवीन. हे लिहिताना माझ्या शेजारी बसलेल्या गणिताच्या बाई इतक्या मनापासून मान डोलावत होत्या, की मला त्यांच्या मोडक्या पट्टीची आठवण झाली.

संध्याकाळ व्हायच्या आत सेयील पाकिटांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आली, कारण अख्ख्या शाळेत धूर न करणारी शेगडी तेवढी माझ्याकडे आहे. एक एक पाकीट फोडत गेली. दहाव्याला तिचे खांदे हलायला लागले. विसाव्याला तिने टोपी काढून तोंडावर धरली.

"एजे," ती म्हणाली, "तुमच्या शाळेत सगळ्यांचं वय बावन्न?"

माझ्या लक्षात आलं. असिलकानने फळ्यावर नमुना म्हणून पहिल्या दोन ओळीही भरून दाखवल्या होत्या, स्वतःच्या. वय: बावन्न. लिंग: स्त्री. आणि आमच्या विद्वानांनी त्याही उतरवल्या. भूगोलाचे मास्तर, शेगड्या पेटवणारा तोल्गोन, सुतारकामाचे शिक्षक, सगळे बावन्न वर्षांच्या बायका. शंभर किलोचा, मिशीवाला माझा दीरसुद्धा बावन्न वर्षांची बाई.

"मी काय लिहिलं ते नको विचारू," मी म्हटलं.

"विचारायला कशाला हवं? तुम्हीही बावन्न."

आम्ही दोघी हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग ती एकदम थांबली आणि त्या गठ्ठ्याकडे बघत बसली. मला तिची कीव आली. दोन डोंगर ओलांडून, खिंडीत बर्फात गाडी ढकलत आलेली पोर, आणि हाती काय लागलं, तर असिलकान, त्रेचाळीस वेळा.

"तुमचं दुखापतींचं रजिस्टर बघू?" तिने विचारलं. "निदान तेवढं तरी."

मी दिलं. का दिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हणता आलं असतं. किल्ली हरवली म्हणता आलं असतं, मी काय कमी खोटं बोलते! पण दिलं, आणि पाठ फिरवून चहाचं पाणी ठेवलं.

पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग पेन्सिलीचा.

"एजे, गावात गाढवं किती?"

"दोन."

"ती सोमवारी आणि गुरुवारी फार उधळतात का?"

मी वळले नाही.

"एकसष्टांपैकी चव्वेचाळीस मुलं मंगळवारी किंवा शुक्रवारी तुमच्याकडे आली," ती म्हणाली. "आदल्या दिवशी काय असतं?"

सोमवारी आणि गुरुवारी तालीम असते. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वार मीच लिहीत होते. पण एखादी गोष्ट माहीत असूनही तिच्याकडे बघायचं नाही, हे आपल्याला जमतं. मला तर फारच छान जमत होतं. मी तिला वस्तादाचं नाव सांगितलं, आणि तो माझा कोण लागतो तेही.

सेयील म्हणाली, "माझ्याकडे आकडे आहेत. पण मी एकाही मुलाला पाहिलेलं नाही. मी जिल्ह्याला कळवलं, तर ते विचारतील, कोण मूल? मी काय सांगू, गाढव? ज्याने पाहिलं त्यानेच लिहायला हवं. एका मुलाचं, खरं कारण, तुमच्या सहीने. एक पुरे."

"तू शुक्रवारी दुपारी गाडीत बसून जाशील. मला इथेच राहायचंय. छप्पर गळायला लागलं की काय तुझा प्रबंध पसरू वर?"

"नका पसरू. पातळ आहे." तिने रजिस्टर मिटलं. "शुक्रवारी बासष्टावं मूल येईल, एजे. त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मला सांगू नका, तुमचं तुम्ही ठरवा."

आणि सुटलेल्या नाड्या तशाच ओढत ती निघून गेली. मी तिच्यावर चिडले. जे मला नऊ वर्षं टाळता आलं होतं, ते ही टोपीवाली एका संध्याकाळी माझ्या टेबलावर मांडून गेली होती.

बुधवारी दुपारी पाहुणीसाठी मेंढी कापली. असिलकानच्या घरी जेवण. आमच्याकडे मेंढीचं डोकं मानाच्या पाहुण्याला देतात. पाहुणी खरी सेयील, पण डोकं बाईपुढे कसं ठेवायचं? म्हणून ते ठेवलं बायबोलोतपुढे. सेयीलला शेपटाकडचा भाग दिला, तोही मानाचाच म्हणे. प्रश्नपत्रिकेत तो स्त्री असल्याचं मी त्या वेळी बोलून दाखवायला हवं होतं, पण सुचलं ते घरी गेल्यावर.

डोकं ज्याच्यापुढे येतं, तो कान कापून लहान मुलांना देतो. का, तर मुलांनी थोरांचं ऐकावं म्हणून. बायबोलोतने चाकू फिरवला, कान कापला आणि हाक मारली, "उल्बोलसुन! इकडे ये."

उल्बोलसुन तिसरीत आहे, नऊ वर्षांची. तिच्या आईबापांना आधीच्या चार मुली. पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा तिचं नाव ठेवलं उल्बोलसुन, म्हणजे 'मुलगा होवो'. आमच्याकडे तशी रीत आहे. देवाला चिठ्ठी पाठवायची, ती मुलीच्या अंगावर लिहून. पुढच्या खेपेला मुलगा झालाही, पण चिठ्ठी काही कुणी परत घेतली नाही. ही पोर बायबोलोतची सगळ्यात गुणी शिष्या. शनिवारी तिची प्रांताची स्पर्धा होती, अठ्ठावीस किलोच्या गटात, आणि म्हणून आठवडाभर तिला धड जेवण नव्हतं. त्या दिवशीही आली होती ती ताटल्या उचलायला, जेवायला नाही.

"घे," बायबोलोत म्हणाला. "खा आणि ऐकत जा."

सगळे हसले. तो वाईट माणसासारखा दिसत नव्हता. तेच तर आहे, तो कधीच दिसत नाही. त्याने प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीने कान हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. खाल्ला तर वजन वाढणार, नाही खाल्ला तर वस्तादाचं ऐकलं नाही असं होणार. त्या चिमुरड्या तोंडावर हा सगळा हिशेब मला दिसला. मला एकटीलाच नाही, सेयीललाही दिसला, कारण तिने घास खाली ठेवला.

मी काय केलं? मी चहा प्यायले. पोरीने पाठ वळवली, तोंडाशी हात नेला आणि ताटल्या उचलून आत गेली. बायबोलोत माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, कोळसा परवा टाकतो." मी म्हटलं, "बरं."

गुरुवारी तालीम झाली. शुक्रवारी पहिल्या तासाला दार वाजलं. उल्बोलसुन आत आली, दोन्ही पाय फाकवून, पावलं मोजत. वर्गातल्या बाईंनी पाठवलं होतं, बाकावर बसता येत नाही म्हणून.

मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "गाढवावरून पडले."

"कोणत्या गाढवावरून?"

ती गोंधळली. हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता. कसा शिकवणार, मी तो कधी कुणाला विचारलाच नव्हता.

"तुम्ही नेहमी लिहिता ना, एजे," ती म्हणाली. "तेच."

ती उद्धट नव्हती. उलट मला मदत करत होती. पायजमा वर करताना म्हणाली, "गेल्या वेळी तुम्ही एकच पाय लिहिला होता. आता दोन लिहा." पोटऱ्यांवर आडवे लाल वळ होते, दोरउड्यांच्या रबरी दोरीचे. ते ओळखायला चव्वेचाळीस वेळा सरावलेली नजर लागत नव्हती, कुणालाही कळले असते.

"का मारलं?" मी विचारलं. हाही प्रश्न नवाच.

"वजन तीनशे ग्रॅम जास्त भरलं. बाइके म्हणाले, मी कान हावऱ्यासारखा खाल्ला. एक चिमटी खायला हवा होता, मान म्हणून." तिने जॅकेटच्या खिशात हात घातला आणि एक चुरगळलेला रुमाल काढला. "पण मी खाल्लाच नव्हता. बघा."

रुमालात कान होता. अख्खा. थंड, कडक, त्याला खिशातली धूळ आणि पेन्सिलीची साल चिकटलेली.

"मग दाखवला का नाहीस त्याला?"

"दाखवला असता तर म्हणाले असते, दिलेला का खाल्ला नाहीस."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. ते आलं नाही, लाज आली. अशी लाज, की कानशिलं तापली. बापाला घोड्याची वाटते ती ही लाज नव्हे. ऐकणं लहान मुलांचं काम, म्हणून आम्ही पिढ्यान्पिढ्या त्यांना कान चारत आलो, आणि आम्हाला मोठ्यांना एक कान द्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

मी तिच्या हातातून तो घेतला, धूळ झटकली आणि खाल्ला. उल्बोलसुन आ वासून बघत राहिली. कुठल्याही अर्थाने तो चांगला लागला नाही.

"आता सांग," मी म्हटलं. "मी ऐकते."

तिने सांगितलं. तीन वर्षांचं सांगितलं, तिचं आणि इतरांचंही, नावांसकट. मी लिहीत गेले. रकाना पुरला नाही, तर समासात लिहिलं. कारण: वस्ताद बायबोलोत, रबरी दोरी. खाली सही, तारीख आणि वेळ.

शेवटच्या ओळीवर होते, तेवढ्यात असिलकान धावत आली. उल्बोलसुनला मी पडद्यामागे खाटेवर पालथं झोपवलं होतं, थंड पट्ट्या ठेवून.

"बुरुल, पाहुणीची गाडी यायची आहे, तिला भेट म्हणून..." मग तिची नजर रजिस्टरवर पडली. वाचलं तिने. आयुष्यात पहिल्यांदा असिलकान एका जागी उभी राहिलेली मी पाहिली. "वेड लागलंय का तुला? तुझा दीर आहे तो!"

"म्हणून तर नाव बिनचूक लिहिलंय."

"फाड ते पान."

"तूच फाड," मी म्हटलं आणि रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. आमच्याकडे प्रत्येक रजिस्टरच्या पानांवर आकडे घालतात, सगळी पानं दोऱ्यात ओवतात आणि शेवटच्या पानावर त्या दोऱ्यावर लाख ओतून शिक्का मारतात. पानं किती, ते खाली सहीसह लिहिलेलं असतं. "शहाण्णव पानं. शिक्का तुझा, सही तुझी. पंच्याण्णव भरली तर जाब कुणाला विचारतील?"

असिलकानने शिक्का पाहिला. हात पुढे केला, मागे घेतला. मला तिची दया आली, खरंच आली. तिनेही नऊ वर्षं हेच केलं होतं, फक्त धावत धावत.

"पोरीची स्पर्धा उद्या आहे," ती हळूच म्हणाली. "एवढी तरी होऊ दे. सोमवारी लिही."

"सोमवारी तालीम असते," मी म्हटलं.

मग मी फोन उचलला आणि जिल्ह्याच्या बालरक्षण कार्यालयाला लावला. सेयील गाडीत बसण्याआधी खोलीत डोकावली, तेव्हा मी तिसऱ्यांदा माझं नाव सांगत होते, कारण पलीकडच्या बाईला ते लिहून घ्यायला पेन सापडत नव्हतं. खाली बसून सेयीलने बुटाच्या नाड्या बांधल्या, आणि गाडी सोडून ती मुक्कामाला राहिली.

पुढचं सांगायला मजा नाही. जिल्ह्याहून निरीक्षक बाई आल्या. त्या उल्बोलसुनशी बोलल्या, मग इतर मुलांशी. बायबोलोतला चौकशी होईपर्यंत तालमीतून काढलं, आणि तालमीला कुलूप लागलं. त्याच्या बाजूने गावाने अर्ज केला, दोनशे बारा सह्यांचा. काही सह्या एकाच अक्षरातल्या होत्या. नक्कल करायला आम्ही शिकलेलेच आहोत. कोळसा आला नाही. जाऊबाई रस्त्यात मला पाहून दुसऱ्या बाजूने जाते. असिलकानने निरीक्षकांना सांगितलं, की तिला पहिल्यापासून शंका होती. बायबोलोत एकदा माझ्या फाटकाशी आला आणि म्हणाला, "वहिनी, मला माझ्या वस्तादाने याच्या दुप्पट मारलंय. काय बिघडलं माझं?" उत्तर त्याच्या प्रश्नातच उभं होतं, शंभर किलोचं. तो गेल्यावर मला रडू आलं, कारण माझ्या नवऱ्याचा आवाज अगदी तसाच होता.

मलाही सक्त ताकीद मिळाली, एकसष्ट खोट्या नोंदींसाठी. योग्यच झालं. निरीक्षक बाईंनी मला एक एक नोंद पुढे ठेवून विचारलं, "हे काय होतं?" आणि मला एक एक सांगावं लागलं. दोन दिवस लागले. गणिताच्या बाईंच्या नोंदी आल्या, तेव्हा त्या दाराबाहेर उभ्या होत्या. नोकरी राहिली, कारण माझ्या जागी यायला कुणी तयार नाही.

सेयीलने तिच्या प्रबंधात आमच्या शाळेचं नाव न घेता लिहिलंय: त्रेचाळीस उत्तरं, सगळ्या स्त्रिया, सगळ्यांचं वय बावन्न. खाली टीप: या उत्तरांवरून मुलांविषयी काहीही सांगता येत नाही, मोठ्यांविषयी बरंच सांगता येतं. तिने मला एक प्रत पाठवली. पातळ आहे, छपरावर पसरता येणार नाही.

सगळ्यात वाईट हे, की उल्बोलसुन माझ्याशी बोलेना. स्पर्धा हुकली, तालीम बंद झाली, मैत्रिणी दुरावल्या, आणि हे सगळं माझ्यामुळे. दवाखान्याच्या दारावरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. एप्रिल गेला. मी तिच्या आईला निरोप पाठवला, की शेजारच्या गावात एक बाई मुलींना कुस्ती शिकवते. आईने निरोपाला उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, पोरीने आयुष्यभर माझा राग करावा, चालेल, पाय सरळ टाकत करावा.

मेमध्ये एका रविवारी मी अंगणात बटाटे लावत होते, तर फाटक धाडकन उघडलं. उल्बोलसुन. गुडघा सोललेला, कोपर सोललेलं, तोंड मातीने भरलेलं.

"एजे! गाढवावरून पडले!"

माझ्या हातातली खुरपी गळून पडली. मी तिला ओट्यावर बसवलं, पायजम्याचे दोन्ही पाय वर केले, पोटऱ्या पाहिल्या, पाठ पाहिली, हात वळवून वळवून पाहिले.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही. पडले."

"कोणत्या गाढवावरून?"

"राखाडी. ओमुरकुल आजोबांचं. आजोबांनी बसवलं मला. मी कधी बसलेच नव्हते गाढवावर, म्हणून म्हटलं बघू तरी कसं असतं."

"कुठे?"

"कालव्यापाशी."

"कुणी पाहिलं?"

"आजोबांनी. आणि गाढवाने."

मी तिची जखम धुतली, औषध लावलं आणि म्हटलं, "चल." कालवा माझ्या घरापासून दीड किलोमीटर. माझे गुडघे मला शिव्या देत होते. ओमुरकुल म्हातारा बांधावर बसला होता, शेजारी राखाडी गाढव गवत खात होतं. मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पडली, तीनदा पडली, दोनदा हसत. मी जमिनीवरच्या खुणा पाहिल्या, गाढवाचे खूर पाहिले. मग पुन्हा पोरीला विचारलं, की ते चालत होतं की पळत, ती डावीकडे पडली की उजवीकडे, आधी गुडघा टेकला की कोपर. एकसष्ट मुलांना मिळून मी जितके प्रश्न विचारले नव्हते, तितके त्या एका दुपारी विचारले. सोमवारी शाळेत नोंद करायची होती, आणि मला ती चुकवायची नव्हती.

उल्बोलसुनने कमरेवर हात ठेवले आणि पहिल्यांदाच नऊ वर्षांच्या पोरीने वैतागावं तशी माझ्यावर वैतागली.

"अहो एजे," ती म्हणाली, "किती विचारता!"